वाळूत डोकं खुपसलं, मग श्वास कुठून घेतला?

साधा प्रश्न आहे. वाळूत डोकं खुपसून बसलेला शहामृग श्वास कुठून घेतो?

त्याच्या नाकपुड्या चोचीवर असतात. चोच वाळूत गेली की नाकपुड्याही गेल्याच. कोरडी बारीक वाळू नाकात शिरणार, घशात उतरणार आणि काही मिनिटांत पक्षी गुदमरून मरणार. सिंह पोचायच्या आत काम तमाम! संकट दिसलं की असला उद्योग करणारी जात दोन-चार पिढ्यांतच संपली असती. शहामृग तर लाखो वर्षं खणखणीत टिकून आहे.

तरी आपण बिनदिक्कत लिहितो : ‘प्रशासनाचा शहामृगी पवित्रा’, ‘वाळूत तोंड खुपसून बसलेलं सरकार’. जव्हार-मोखाड्यात एप्रिल उजाडावा, विहिरींनी तळ गाठावा, टँकरच्या बातम्या सुरू व्हाव्यात, की अग्रलेखात हा पक्षी हजर. अडचणीकडे पाहायचंच नाही, म्हणजे ती नाहीच असं समजायचं, या माणसाच्या जुन्या खोडीला इंग्रजांनी शहामृगाचं नाव दिलं आणि आपण ते जसंच्या तसं उचललं. आपल्यापैकी बहुतेकांनी शहामृग पाहिला तो प्राणिसंग्रहालयाच्या जाळीतून. त्याच्या भित्रेपणाबद्दल मात्र कुणालाच शंका नाही.

जरा त्या पक्ष्याकडे तर बघू. उंची अडीच मीटरच्या घरात, वजन शंभर-सव्वाशे किलो. डोळ्याचा व्यास सुमारे ५ सेंटीमीटर. जमिनीवर राहणाऱ्या कुठल्याही कणाधारी प्राण्याचा डोळा एवढा मोठा नाही, हत्तीचाही नाही. शहामृगाचा एकेक डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा भरतो. (यावरून त्याच्या अकलेवर विनोद करायचा मोह होतो, पण आवरू या.) आता हा एवढा डोळा अडीच मीटर उंचीवर नेऊन ठेवा आणि भोवती सपाट, मोकळं माळरान पसरा. गवतातून सरपटत येणारा शत्रू सगळ्यांत आधी कुणाला दिसेल? पाहणं हाच या पक्ष्याचा धंदा आहे, आणि आपण त्यालाच न पाहण्याचं प्रतीक करून ठेवलंय.

शत्रू दिसला की तो पळतो, ताशी ७० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने. दोन पायांवर इतक्या वेगात पळणारा दुसरा प्राणी पृथ्वीवर नाही. पळायला वाव उरला नाही तर लाथ घालतो, तीही पुढच्या दिशेने. पायाला बोटं दोनच, पण त्यांतल्या मोठ्या बोटाचं नख असं, की वर्मी बसलेल्या लाथेने सिंहसुद्धा मरू शकतो. याला ‘पळपुटा’ म्हणणं आपल्याला परवडतं, कारण आपण जाळीच्या अलीकडे असतो.

मग त्याचं डोकं खाली दिसतं कधी? खरं तर दिवसातला बराच वेळ. पाला, गवत, बिया असं काहीबाही तो जमिनीलगत टिपत असतो. दात नाहीत, म्हणून मधूनमधून खडेही गिळतो आणि पोटातल्या त्या जात्यात सगळं भरडून काढतो. लांबून पाहणाऱ्याला मोठं धूड दिसतं, डोकं गवतात हरवलेलं असतं. पण एवढ्यावरून वाक्प्रचार जन्माला येईल असं वाटत नाही. खरी गंमत घरट्यात आहे.

शहामृगाचं घरटं म्हणजे जमिनीत उकरलेला उथळ, ऐसपैस खड्डा. नराने उकरायचा, आणि त्यात एक नाही, अनेक माद्यांनी अंडी घालायची. त्यांतली एक पट्टराणी. अंडी उबवायचं काम ती आणि नर मिळून करतात. बाकीच्या अंडी घालून निघून जातात. दिवसा ती बसते, कारण तिचा मातकट रंग मातीत मिसळून जातो. रात्री तो बसतो, कारण त्याची काळी पिसं अंधारात दिसत नाहीत. कामाची वाटणी रंगाप्रमाणे! अंडं दीड किलोच्या आसपास, कोंबडीची दोन डझन अंडी त्यात सहज मावतील. आणि ही अंडी नुसती ठेवून चालत नाही. आतला जीव एका बाजूला चिकटू नये, ऊब सगळीकडून सारखी लागावी म्हणून ती वरचेवर फिरवावी लागतात. फिरवायला हात नाहीत, आहे ती चोच. म्हणजे मान वाकवायची, डोकं खड्ड्यात घालायचं आणि एकेक अंडं हलक्या हाताने, चुकलो, हलक्या चोचीने, कलतं करायचं. चार फर्लांगांवर उभ्या असलेल्या माणसाला काय दिसणार? जमिनीत डोकं घातलेला एक प्रचंड पक्षी.

तिथे आत काय चाललेलं असतं, तेही ऐका. १९७० च्या दशकात ब्रायन बर्ट्रम नावाच्या संशोधकाने केनियातल्या त्साव्होच्या जंगलात या घरट्यांवर पाळत ठेवली. खड्ड्यात अंडी होतात भरमसाट, पोटाखाली मात्र मावतात वीसेकच. उरलेली कडेला ढकलावी लागतात. कुठली ढकलायची? बर्ट्रमला आढळलं, की पट्टराणी स्वतःची अंडी ओळखते! सगळी पांढरट, सगळी एकाच घडणीची. आकारातला किंचित फरक, कवचावरच्या बारीक छिद्रांची ठेवण, असल्या कशावरून ती ओळखत असावी. आपली अंडी ती मध्ये राखते आणि सवतींची बाहेरच्या कडेला लोटते. कोल्हा-तरस आला, गिधाड आलं, तर आधी कडेचं अंडं जाणार. आपण ज्याला तोंड लपवणं म्हणतो, त्या क्षणी ती बाई खाली वाकून हिशेब तपासत असते.

दुसरा प्रसंग याहून चतुर. अंड्यांवर बसलेल्या शहामृगाला शत्रू लांबवर दिसला, तर दर वेळी तो उठून पळत नाही. पळाला तर घरटं उघडं पडतं आणि कुठे आहे तेही कळतं. मग तो लांबच लांब मान जमिनीवर सरळ पसरतो, डोकं मातीला टेकवतो आणि निपचित पडून राहतो. उभ्या मानेची पडते तशी सावली आता पडत नाही. डोकं लहान, मान फिकट, त्यात तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या झळा. डोकं-मान दिसेनाशी होते आणि पाठीचा उंचवटा तेवढा उरतो, एखाद्या वारुळासारखा. तो ओळखू आलाच, तर पाहणाऱ्याला वाटणार, अरेच्चा, डोकं गेलं कुठे? वाळूत! आणि या सगळ्या वेळात ते पाच-पाच सेंटीमीटरचे दोन डोळे टक्क उघडे असतात.

ही युक्ती बघायला आफ्रिका गाठायची गरज नाही. जव्हार तालुक्यातलं साखरशेत पुरे.

उन्हाळ्यात तिकडच्या वरकस जमिनी उघड्या पडलेल्या असतात. नागली-वरई निघून महिने झालेले, राब भाजल्याचे काळे चौकोन इकडेतिकडे, बाकी सगळं खडे, ढेकळं आणि वाळकं गवत. अशा ठिकाणी चालताना डोक्यावर एकदम आरडाओरडा सुरू झाला तर समजा, टिटवीच्या हद्दीत पाय पडला. डोळ्यांपुढे लाल मांसल लोळी, पिवळे लांब पाय, आणि आवाज असा की आख्खा माळ जागा व्हावा. तिचं घरटं तुमच्या पावलापासून दोन हातांवर असेल आणि तरी तुम्हाला दिसणार नाही. काडी नाही, कापूस नाही, नुसता जमिनीतला खळगा आणि कडेने मांडलेले खडे. त्यात चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला करून अशी बसवलेली, की कमीत कमी जागेत पोटाखाली चारही यावीत. रंग मातीचा, वर काळे-तपकिरी ठिपके. नजर अंड्यावर असते आणि मन म्हणत असतं, खडा आहे.

पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांत चालू लागतात. आई ओरडली रे ओरडली, की असेल तिथे जमिनीला चिकटतात, मान पुढे काढून, पोट टेकवून, सावलीसकट नाहीशी. शहामृगाची हुबेहूब तीच चाल, फक्त लिंबाएवढ्या देहाने केलेली. शिकारी डोळा हालचाल टिपतो, उभी रेघ टिपतो, सावली टिपतो. पिल्लू यांतलं काहीच शिल्लक ठेवत नाही. मोठी टिटवी तोवर तुमच्या डोक्यावर झेपा घेत असते, नाहीतर पंख मोडल्याचं सोंग करून भलतीकडे फरफटत जात असते. मोडक्या पंखाचं हे नाटक नर शहामृगही करतो. सव्वाशे किलोचं धूड लंगडण्याचा अभिनय करतंय, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून बघाच.

टिटवीची आणखी एक करामत मला सगळ्यांत जास्त आवडते. मे महिन्यात या खड्यांवर हात ठेववत नाही. त्या तव्यावर उघडी अंडी काही वेळात उकडून निघतील. मग टिटवी जवळच्या डबक्यावर जाते, पोटाची पिसं पाण्यात भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. उबवणं सोडून ती अंडी गार करत असते! जिथे बायाबापड्यांना हंड्यासाठी डोंगर उतरावा लागतो, तिथे ही पिसांतून पाणी वाहते. टिटवी रात्री ओरडली की अशुभ, असं म्हणणारे आहेत. तिने उंचवट्यावर अंडी घातली की त्या साली पाऊस दांडगा, असंही जुनी माणसं सांगतात. आणि ‘टिटवीदेखील समुद्र आटविते’ ही म्हण तर आपण शाळेत घोकलेली. माळावर अंडी घालणाऱ्या, जमिनीला चिकटून जीव वाचवणाऱ्या दोन पक्ष्यांपैकी एकाला आपण समुद्राशी भांडायला लावलं आणि दुसऱ्याला भित्रेपणाचं प्रमाणपत्र दिलं. प्रमाणपत्रावर सही कुणाची?

सही जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिसिलीच्या डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने शहामृगाबद्दल लिहिलं. सापडायची वेळ आली की हा पक्षी डोकं लपवतो, हे त्याने सांगितलं. पण लगेच जोडलं, की आपल्याला दिसत नाही म्हणजे आपणही कुणाला दिसत नाही असल्या मूर्ख समजुतीने तो हे करत नाही. डोकं हा त्याचा सगळ्यांत नाजूक भाग, म्हणून तो आधी डोकं जपतो. वाचताना थक्क व्हायला होतं. दोन हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी हा गैरसमज खोडून काढत होता, म्हणजे तो त्याही आधी पसरलेला होता!

डायोडोरसचं कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते शंभरेक वर्षांनी आलेल्या थोरल्या प्लिनीचं. या रोमन गृहस्थाने ‘नॅचरल हिस्टरी’ नावाचा ३७ खंडांचा ज्ञानकोश रचला. त्याचा पक्ष्यांवरचा दहावा खंड शहामृगापासूनच सुरू होतो. तिथे तो म्हणतो, की एवढा थोरला पक्षी, पण मान झुडपात घातली की सगळं अंग लपलं असं याला वाटतं. प्लिनीच्या मजकुरात झुडूप आहे, वाळू नाही. वाळू नंतरच्या सांगणाऱ्यांनी ओतली. युरोपात दीड हजार वर्षं प्लिनीचा शब्द प्रमाण मानला गेला, आणि त्या काळात शहामृगाला प्रत्यक्ष भेटून ‘काय हो, खरं का हे?’ असं विचारणारे फारसे नव्हते. पुढे एकोणिसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेत औट्सहूर्नच्या परिसरात पिसांसाठी शहामृगांचे कळपच्या कळप पाळू लागले. वाळूत डोकं घालणारा एकही पक्षी त्या शेतकऱ्यांना भेटला नाही. पण तोवर वाक्प्रचार शाळा-कचेऱ्यांत पोचला होता. एकदा छापून आलेली गोष्ट शेतकऱ्याच्या अनुभवाने थोडीच पुसली जाते!

या प्लिनीचं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. इसवी सन ७९. व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला. प्लिनी तेव्हा खाडीपलीकडे मिसेनम इथे रोमन आरमाराचा प्रमुख होता. डोंगरावर चढलेला धुराचा चमत्कारिक ढग पाहून त्याला राहवेना. जवळून बघायला तो निघाला, तेवढ्यात मदतीची हाक आली, मग त्याने मोठी जहाजंच पाण्यात काढली. सगळे जिथून पळत होते, तिकडेच हा गेला. स्टाबिएला उतरला. आकाशातून दगड पडत होते, म्हणून त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी डोक्यांवर उशा बांधल्या आणि किनारा गाठला. तिथेच तो मेला. त्याच्या भाच्याने, धाकट्या प्लिनीने, पत्रात हे सगळं लिहून ठेवलंय. शहामृगाची टर उडवणारा माणूस अखेरीस डोकं जपत समुद्रकाठी पडला, अगदी डायोडोरसच्या शहामृगासारखा. आणि भित्रा तर तो मुळीच नव्हता.

संकट टाळण्याच्या वाक्प्रचारांची ही तऱ्हाच दिसते. इंग्रजीत कानाडोळा करण्याला ‘आंधळा डोळा फिरवणं’ म्हणतात आणि त्याचं श्रेय अ‍ॅडमिरल नेल्सनला देतात. त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १७९४ साली कॉर्सिकातल्या लढाईत गेली होती. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांच्या जहाजावर माघारीचं निशाण चढलं, तेव्हा याने म्हणे दुर्बीण त्या गेलेल्या डोळ्याला लावली आणि मला काही निशाण दिसत नाही, असं जाहीर केलं. गोष्टीला थोडं मीठमसाला लागलाय, पण तो माघारी फिरला नाही एवढं खरं. डोळेझाक केली ती लढत राहायला. आणि आपला ‘पोबारा’? सोंगट्यांच्या खेळात पो म्हणजे एक, त्यावर बारा, हे दान पडलं की खेळणारा उडी मारायचा. हिंदीत आजही ‘पौ बारह’ म्हणजे नशीब फळफळलं. मराठीत मात्र तेच जिंकणारं दान घेऊन माणूस पळत सुटला!

खरं सांगायचं तर आपल्याला परदेशी पक्ष्याची गरजच नव्हती. आपली मांजर होती की. ‘मांजर डोळे मिटून दूध पितं’, जगाला दिसत नाही असं त्याला वाटतं. शहामृगावरचा आरोप तोच, फक्त घरगुती. तोही तपासून पाहू.

मांजर रात्री उंदीर टिपतं, पण अगदी जवळचं त्याला धड दिसत नाही. वीत-सव्वा वीत अंतराच्या आतली वस्तू त्याच्या डोळ्यांना पुसटच दिसते. बशी तर नाकाखाली. डोळे उघडे ठेवले काय, मिटले काय, दुधाच्या बाबतीत फरक शून्य. जवळचं काम मिशा बघतात. त्या पुढे वळवून मांजर कडा, अंतर, हालचाल चाचपतं. आणि जिभेचं काय चाललेलं असतं? रोमन स्टॉकर या तेव्हा अमेरिकेत असलेल्या संशोधकाला आपली ‘कटा कटा’ नावाची मांजर न्याहारी करताना पाहून हाच प्रश्न पडला. त्याने सहकाऱ्यांबरोबर वेगवान कॅमेऱ्याने तिचं चित्रण केलं, आणि २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात उत्तर छापून आलं. कुत्रं जीभ डावासारखी वळवून पाण्यात बुडवतं. मांजर जिभेचं टोक दुधाला नुसतं टेकवतं आणि झटक्यात वर खेचतं. त्याबरोबर दुधाचा एक बारीक खांब वर उठतो. गुरुत्वाकर्षण त्या खांबाला खाली ओढून मोडणार, त्याच्या निमिषभर आधी मांजर तोंड मिटतं. सेकंदाला सुमारे चार वेळा. हनुवटी कोरडी, मिशा कोरड्या. द्रवाचा वेग आणि पृथ्वीची ओढ यांचा इतका नेमका मेळ साधणारा प्राणी समोर बसलाय, आणि आपण त्याला चोर म्हणून हाकलतोय. (चोर तो असतोच. पण डोळे त्यासाठी मिटत नाही.)

तर, शहामृग परदेशी. असं मीही पुष्कळ दिवस धरून चाललो होतो, कारण नावच फारसी वळणाचं. फारसीत मुर्ग म्हणजे पक्षी, आपण त्याचा मृग केला. त्यातही गंमत अशी की तो मुर्ग आणि संस्कृतातला मृग मुळात एकाच घराण्यातले शब्द. दूर गेलेला चुलतभाऊ ओळख न पटता घरी आला आणि घरच्याच नावाने राहू लागला.

पक्ष्याचंही तसंच निघालं. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचं गाव आहे. पाटणादेवी म्हणून लोक ओळखतात ते हेच. डोंगराच्या कुशीत मंदिर, गौताळ्याचं जंगल, जवळच पितळखोऱ्याची लेणी. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला त्याचा शिलालेख इथलाच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केलं. मातीच्या थरांत अश्मयुगातली दगडी पाती निघाली, आणि त्यांच्यासोबत शहामृगाच्या अंड्याची कवचं! त्याच कवचाचे मणीही. आणि एक तुकडा असा, की त्यावर समांतर रेघा ओढून मधल्या पट्टीत आडव्या-तिरक्या रेघांची जाळी कोरलेली. खानदेशात शहामृग हिंडत होते, आणि त्यांच्या अंड्यांवर कुणीतरी नक्षी काढत होतं.

कधी? उत्तर कवचातच दडलंय. पक्षी झाडपाला खातो, झाडपाल्यात हवेतला कार्बन असतो आणि त्यात किंचितसा किरणोत्सारी कार्बन-१४. तो अंड्याच्या कवचात जाऊन बसतो. अंडं घातलं की आवक बंद. मग तो हळूहळू विरत जातो, दर ५,७३० वर्षांनी निम्मा, पुन्हा निम्म्याचा निम्मा. किती उरला ते मोजलं की वय कळतं. पाटण्याच्या कवचात उरलेला कार्बन-१४ सुरुवातीच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतका. म्हणजे सुमारे २५,००० वर्षं! हाडं मातीत विरघळून जातात, पिसं तर कधीच. पण हे कवच दोनेक मिलिमीटर जाड, चुन्याच्या स्फटिकांचं घट्ट बांधलेलं. पक्षी गेला, त्याच्या अंड्याची टरफलं साक्षीला राहिली.

तेव्हाचा महाराष्ट्र वेगळा होता. हिमयुग ऐन भरात येत होतं, ध्रुवांकडे आणि डोंगरांवर बर्फ साचल्यामुळे समुद्र शंभर मीटरच्या आसपास खाली गेलेला. जव्हारच्या पठारावरून डहाणूच्या दिशेने चालत निघालेल्या माणसाला आजच्या किनाऱ्यापाशी समुद्र लागलाच नसता. पुढे आणखी मैलोन्‌मैल जमीनच असती. पाऊस उणा, हवा कोरडी, खानदेशात गवताळ माळ. शहामृगाला आणखी काय हवं?

शंका काढणारे शंका काढतातच, आणि काढाव्यात. भारतात इतरत्र मिळालेल्या पुष्कळ कवचांवरच्या ‘कोरीव’ रेघा नीट तपासल्यावर निसर्गाच्या करणीच्या निघाल्या. झाडांची मुळं कवचाला बिलगतात, त्यांच्या आम्लाने पृष्ठभाग झिजतो आणि नक्षीचा भास होतो. पाटण्याचा तुकडा या चाळणीतून तरून गेला. मुळाला समांतर पट्टी आखून मध्ये जाळी भरायचं कसं सुचणार? ती जाळी पाहिल्यावर जव्हारकडच्या माणसाला लग्नाच्या चौकाची किनार आठवल्याशिवाय राहत नाही. वारली घरांत सवासिणी तांदळाच्या पिठाने काढतात, तिच्यातही अशाच रेघा एकीत एक गुंतलेल्या असतात. नातं जोडायचा मोह नको, मध्ये पंचवीस हजार वर्षं पडली आहेत. पण रिकामी पट्टी दिसली की ती रेघांनी भरायची, ही माणसाच्या हाताची खाज भलतीच जुनी म्हणायची.

आणि ही अंडी खरंच शहामृगाचीच कशावरून? दुसऱ्या कुठल्या लुप्त पक्ष्याची नसतील? हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी राजस्थान आणि मध्य प्रदेशात सापडलेल्या जुन्या कवचांतून डीएनए वेगळा काढला. उष्ण प्रदेशात हजारो वर्षं पडलेल्या टरफलातून डीएनए मिळणं हीच मुळात अजब गोष्ट. इथेही ते घट्ट स्फटिक कामी आले, त्यांच्या आत रेणूंचे तुटके धागे शाबूत राहिले होते. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आफ्रिकेतल्या शहामृगाशी सरळ नातं जुळत होतं. ज्याचं नाव लिनियसने १७५८ साली ‘स्ट्रुथिओ कॅमेलस’, म्हणजे उंटासारखा, असं लावलं, त्याच घराण्यातला हा पक्षी.

आता त्या मण्यांकडे परत वळू. आफ्रिकेतले सान लोक असे मणी आजही करतात, त्यावरून कृती कळते. कवच फोडून नखाएवढे तुकडे करायचे. प्रत्येकाला अणकुचीदार दगडाने भोक पाडायचं, बेताने, कारण जोर जास्त झाला की तुकडा तडकलाच. मग ते दोरीत गच्च ओवून सगळी माळ दगडावर घासायची, की कडा एकदम गोल होतात. अख्ख्या अंड्याला एकच भोक पाडलं तर पाण्याचा बुधला होतो. सान लोक तो भरून, भोक मेणाने बुजवून वाळवंटात पुरूनही ठेवत असत.

पण त्याआधी अंडं हाती यायला हवं. पाटण्याच्या डोंगराखालच्या माळावर हे काम कुणीतरी केलं होतं. त्याला गवतातला तो वारुळासारखा उंचवटा ओळखावा लागला असेल. दिवसा मातकट दिसतो की रात्री काळा, जमिनीवर पसरलेली मान नेमकी कुठे संपते, ते टक्क उघडे डोळे कुठल्या बाजूला वळलेत, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे लाथ कुठल्या दिशेने येते, हे सगळं त्याला ठाऊक असणार. शिवाय घरट्याच्या कडेला लोटलेली अंडी उचलणं सोपं पडतं, मधल्यांना हात घातला तर पट्टराणी उठते, हेही. दीड किलोचं अंडं काखोटीला मारून तो पळत सुटला असेल, तेव्हा आधी भूक, मग दागिने. दोन डझन कोंबडीच्या अंड्यांइतका बलक आख्ख्या टोळीने मिटक्या मारत संपवला असणार, आणि उरलेल्या टरफलातला एक तुकडा उचलून कुणीतरी त्यावर पहिली सरळ रेघ ओढली असणार.